वई घातली, कवाड कुठं?

चैत्रात आपल्या एका पाड्यावर साडेतीन एकर जमीन परत आली. सर्कल आला, तलाठी आला, कोतवाल आला, पंच जमले, ताबा पावतीवर अंगठे झाले आणि १९६८ साली शेठच्या नावावर गेलेली जमीन १८ वर्षांनी मूळ घरात परतली. त्या रात्री पाड्यावर कुणी झोपलं नाही. तारप्याचे दिवस नव्हते, नाहीतर तारपाही निघाला असता. आठ दिवसांत घरच्या बायांनी आणि पोरांनी डोक्यावरून पाला आणला, शेण पसरलं, वर गवत आणि माती टाकून राब रचला. नवव्या दिवशी सकाळी जाऊन बघतात तर शेठची सोळा गुरं शेतात. रचलेला राब सगळा उधळलेला. गुराखी पोरगा लांब आंब्याखाली बसलेला.

या पानावर आम्ही नेहमी मोर्च्याचं, कोर्टाच्या तारखेचं, मजुरीचं लिहितो. या वेळी कुंपणाचं लिहितोय. कुणी म्हणेल, संपादकीय लिहायला दुसरा विषय मिळाला नाही काय? पण गेले दोन महिने ज्या ज्या पाड्यावर गेलो तिथं हाच प्रश्न पुढं आला. कागद मिळाला, आता जमीन राखायची कशी? आणि वई घालायला बसलो तेव्हा त्यातून जे जे निघालं ते आम्हाला मोर्च्यात कधी कळलं नव्हतं.

पहिल्यांदा जुनी गोष्ट. आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर कुंपणं घातली, पण स्वतःची नाही. वेठीत घातली. जमीनदाराच्या वाडीला काट्या तोडून आणायच्या, खांब पुरायचे, पावसाळ्याआधी निवडुंग लावायचा, हे सगळं फुकट. १९४५ साली आपल्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी लाल बावट्याखाली वेठ बंद पाडली, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मागून संप केला, तलवाड्याला गोळ्या झेलल्या. ते सगळ्यांना माहीत आहे. पण वेठ संपली तरी वई चालतच राहिली. चालत राहिली म्हणजे खरंच चालत राहिली. म्हाताऱ्या माणसांना विचारा. दर पावसाळ्याआधी शेठची माणसं वई दुरुस्त करायला येत आणि दर वेळी निवडुंगाची नवी ओळ जुन्या ओळीच्या एक हात पुढं लावत. एक हात म्हणजे काही दिसत नाही. आम्ही बारावीपर्यंत शिकलो, म्हणून एकदा हिशोब करून बघितला. समजा शेताची बाजू ७६० फूट लांब आहे. वर्षाला दीड फूट, १८ वर्षं, म्हणजे २७ फूट. ७६० गुणिले २७ केले तर वीस हजार चौरस फुटांच्या वर जातं. जवळजवळ १९ गुंठे. अर्ध्या एकराला एक गुंठा कमी. ना खरेदीखत, ना अंगठा, ना फेरफार. सातबारा जागच्या जागी आणि जमीन गेलेली.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो, की मोजणी झाल्याशिवाय वई घालू नका. ताबा मिळाल्याच्या आनंदात जुन्या वईच्या खुणेवरच नवी वई घातली तर शेठने सरकवलेली हद्द आपणच कबूल केली असं होईल. मोजणीचा अर्ज करा, फी भरली की पावती घ्या, मोजणीदार येईल त्या दिवशी घरचं एक माणूस साखळीबरोबर चाललं पाहिजे. हद्दीचे दगड पुरताना पाड्यातली दोन-चार माणसं, एखादं शाळकरी पोर आणि शेजारचा खातेदार हजर पाहिजेत. शेजारी आला नाही तर नोटीस मिळूनही आला नाही असं कागदावर येऊ द्या. आणि तो दगड जपणं जमिनीच्या धन्याचं काम आहे, तसं महसुली कायद्यातच आहे. कुणी तो उपटला तर तो दंडाचा गुन्हा होतो. दगडाच्या आत अर्धा हात सोडून वई घाला. अर्धा हात गेला तर जाऊ दे. बाहेरून चालणाऱ्याला दगड दिसला पाहिजे.

आता मधला एक किस्सा, कारण तो पुढच्या पाड्यांना उपयोगी पडेल.

१९७५ च्या जमीन परतीच्या कायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेलेली आदिवासीची जमीन परत मिळते. शेठ लोक याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तिथं १९८४ च्या डिसेंबरात कायदा टिकला. पण जमीन फुकट मिळत नाही. आकाराच्या ४८ पट रक्कम किंवा शेठने तेव्हा दिलेली किंमत, यात जी कमी असेल ती भरायची. आकार ४ रुपये असेल तर १९२ रुपये झाले. एवढं माणूस भरू शकतो, हप्तेही मिळतात, जास्तीत जास्त १२ वर्षांचे. मात्र त्याच कलमात आणखी एक शब्द आहे, सुधारणा. शेठने जमिनीत काही सुधारणा केली असेल तर तिची किंमत वेगळी धरतात. या शेतात शेठने कधी नांगर घातला नाही, गवत राखलं आणि विकलं. सुधारणा म्हणून त्याने काय दाखवलं? काटेरी तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक! आपल्याला बाहेर ठेवायला जे घातलं त्याचीच किंमत आपल्याकडून मागितली. पंचनाम्यात तारेच्या तीन ओळी, सिमेंटचे खांब, फाटक एक, अशी नोंद झाली आणि तेवढी रक्कम त्या कुटुंबाच्या डोक्यावर बसली.

ताबा घ्यायला गेलो त्या सकाळी तार नव्हती. रात्रीत तोडून नेली होती. खांब उपटलेले, तीन-चार मोडके तेवढे पडलेले, फाटकाच्या जागी दोन खड्डे. सर्कल म्हणाला, मला ताबा द्यायचा हुकूम आहे, कुंपणाचं मला सांगू नका. तेव्हा आम्ही तिथंच बसलो. ताबा पावतीवर खाली चार ओळी जास्त लिहून घेतल्या, की जागेवर तार नाही, फाटक नाही, मोडके खांब इतके. त्याला दीड तास गेला, ऊन डोक्यावर आलं, पण लिहून घेतलं. आता त्या कागदावर सुधारणेची रक्कम कमी करून मागण्याचा अर्ज केला आहे. निकाल लागलेला नाही. लागेल तेव्हा याच पानावर छापू. तोवर ज्यांची प्रकरणं चालू आहेत त्यांनी एवढं करावं, पंचनाम्याच्या वेळी खांब मोजा आणि ताब्याच्या दिवशी पुन्हा मोजा.

राब उधळल्यावर दुसऱ्याच दिवशी शेतावर एक माणूस आला. तालुक्यातला गवताचा व्यापारी. फार गोड बोलला. म्हणाला, काका, तुमचं नुकसान बघवत नाही, मी तार घालून देतो, सिमेंटचे खांब, वर नवं फाटक. पैसे आत्ता नकोत. पाच पावसाळे माळाचं गवत मी कापून नेईन, भात तुम्ही लावा. फक्त या कागदावर अंगठा द्या.

घरचा मोठा मुलगा जवळजवळ तयार झाला होता. त्याला दोष देत नाही. शेताचा तुकडा लांबट आहे, चारी बाजू मिळून साधारण १९०० फूट भरते. सहा फुटांवर एक खांब धरला तर तीनशेच्या वर खांब. तीन ओळी तार म्हणजे ५७०० फूट, मैलभराहून जास्त. मजुरीवर जगणाऱ्या घराने ते पैसे कुठून आणायचे? पण तो कागद आम्ही वाचला. त्यात गवताचा भाडेपट्टा होता, सगळ्या जमिनीचा होता, माळ आणि खाचर वेगळं लिहिलेलंच नव्हतं. मुदतीनंतर तारेचे पैसे फिटले नाहीत तर पट्टा पुढं चालू राहील असंही खाली होतं. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता, गहाण टाकता किंवा पट्ट्याने देता येत नाही. महसुली कायद्याचं कलम ३६ अ, पाठ करून ठेवा. म्हणजे तो कागद बेकायदा होता. पण भावांनो, १९६८ चा कागद कायदेशीर होता म्हणून का आपली जमीन गेली होती? ताबा गेला की कागद बेकायदा आहे हे सिद्ध करायला पुन्हा १८ वर्षं. शिवाय जमीन परत घेताना आपण ती जातीने कसू असं लिहून दिलेलं असतं. आत व्यापाऱ्याचं गवत उभं राहिलं की शेठचा वकील तिकडंच बोट दाखवणार.

व्यापारी गेला. जाताना म्हणाला, बघू काट्या किती दिवस टिकतात.

मग काट्यांचंच बघितलं. इथं आम्हाला पाड्यातल्या जुन्या माणसांनी शिकवलं, आम्ही फक्त लिहून घेतो आहोत. सुकी वई एका वर्षाची असते. बोर, बाभूळ, करवंद यांच्या फांद्या बुंधा आतल्या बाजूला आणि शेंडा बाहेर असा रचायच्या, वरून आडवा बांबू दाबून बांधायचा. आम्ही पहिल्या दिवशी उलटं रचलं आणि एक म्हातारे काका हसून हसून बेजार झाले. म्हणाले, पोरांनो, तुम्ही बाहेरच्या गुराला वाचवताय की आतल्या भाताला? खांबाचा जमिनीत जाणारा भाग आधी विस्तवावर काळा होईपर्यंत भाजायचा, मग वाळवी लवकर लागत नाही. माती थोडी थोडी टाकत पहारीने ठोकत जायचं, एकदम भरायची नाही.

पण सुकी वई पहिल्या वर्षापुरतीच. तिच्या आतून ओली वई उठवायची. मृगाचा पाऊस पडला की शेराच्या, रानएरंडाच्या, निरगुडीच्या फांद्या एकेका वितीवर खोचत जायचं. गुरं यांना तोंड लावत नाहीत. जास्त त्रासाच्या बाजूला निवडुंग आणि घायपात. मधून मधून पांगाऱ्याचा किंवा गिरिपुष्पाचा हातभर जाड खुंट पुरायचा, तो जगतो, मुळं धरतो, मग तोच खांब होतो. असा खांब कुजत नाही, त्याला किंमत पडत नाही आणि गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडायला होतो. तीन पावसाळ्यांत शेळीसुद्धा आत येणार नाही अशी वई उठते. शेराचं दूध डोळ्यात जाऊ देऊ नका, पोरांना त्या कामाला लावू नका. एका मुलाचा डोळा दोन दिवस सुजला होता.

लाकडाचं मात्र सांभाळून. जंगलातून खैराचा एक खांब आणलात तर गार्ड वई बघणार नाही, खैर बघेल. आणि आपल्या शेतातलं असलं तरी सागवान, खैर, ऐन, मोह, आंबा ही झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, १९६४ पासून तसा कायदा आहे. वई घालण्याच्या नादात केस अंगावर घेऊ नका. त्याच पाड्यावर गार्ड आला होता. पांगाऱ्याचे खुंट उचकटून बघून गेला, काही मिळालं नाही.

काम कुणी केलं? सगळ्या पाड्याने. चार दिवस, रोज एका घरातून एक माणूस, कधी दोन. ज्यांना स्वतःची एक गुंठा जमीन नाही तीही घरं आली. ज्यांचे दावे कचेरीत पडून आहेत तीही आली. जेवणाला भाकर आपापली, आमटी शेतधन्याची. काट्या तोडायचं आणि वाहायचं बरंचसं काम बायांनीच केलं, हे लिहायलाच पाहिजे, कारण सभेत बोलताना आम्ही पुरुष मंडळी 'आम्ही वई घातली' असं बोलून मोकळे झालो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वई तीन बाजूंनी झाली आणि भांडण उभं राहिलं. कवाड कुठं ठेवायचं?

मोठ्या मुलाचं म्हणणं, कवाड रस्त्याच्या बाजूला, एकच, आणि त्याला साखळी-कुलूप. शेठचं होतं तसं. खरं सांगायचं तर आम्हालाही पहिल्यांदा तेच बरोबर वाटलं. १८ वर्षं ज्याच्या फाटकाबाहेर उभं राहिलो त्याच्यासारखं एक आपलंही फाटक असावं असं कुणाला वाटणार नाही? आपल्या कुलपाची किल्ली आपल्या करगोट्याला. त्यात आनंद आहे, तो आम्ही नाकारत नाही.

पण शेताच्या पलीकडं ओहोळ आहे. फाल्गुनापासून पाड्याची विहीर तळाला जाते, मग बाया ओहोळात झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरतात. शेठने तार घालण्याआधी पाण्याची वाट या शेतातून होती. तार आल्यावर बाया भोवताली फिरून जायला लागल्या, डोक्यावर दोन हंडे घेऊन, तेही शेठच्या कुत्र्यांच्या बाजूने. ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या परत जुन्या वाटेने जायला लागल्या होत्या. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. पायांना वाट आठवत होती.

रात्री सगळे शेतातच बसले. बराच वेळ पुरुषच बोलले. एक म्हणाला, वाट दिली की उद्या शेठ म्हणेल ही सरकारी वाट आहे, जीप घालेल. एक म्हणाला, बायांना जाऊ द्या, पण मग गुरं पण जाणार. कुणीतरी म्हणालं, ज्याची जमीन त्याची मर्जी. तेव्हा एक आजी बोलली. ती घरधन्याची लांबची मामी लागते. चारही दिवस तिने काट्या वाहिल्या होत्या, हात ओरबाडलेले होते. ती म्हणाली, "शेठनं वई घातली तवा आमी भवतालून फिरलो. आता तू बी घालशील, तं आमी जायचं कुठून? मंग मी काट्या कोनासाठी आनल्या?"

मोठा मुलगा उठून गेला. रागाने गेला की लाजेने ते आम्हाला कळलं नाही. त्याचा बाप, जो आतापर्यंत गप्प होता, म्हणाला, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी जे केलं ते असं. रस्त्याच्या बाजूला बैलगाडी जाईल एवढं कवाड. दोन जाड खांब, त्यांना चार-चार भोकं, त्यातून आडवे बांबू सरकवायचे आणि काढायचे. बिजागरी नको, लोखंड नको, कुलूप नको. मधल्या बांबूला साखळी बांधता येते, पीक उभं असताना बांधतील. आणि ओहोळाच्या बाजूला व पाड्याच्या बाजूला एकेक बेचकं. म्हणजे दोन फांद्यांचा जाड खुंट वईच्या मध्ये असा पुरायचा की त्याची दुबेळकी गुडघ्याच्या वर येते. माणूस पाय उचलून त्यातून पलीकडं जातो, हंडा आधी पलीकडं ठेवून बाई जाते, पण गाय-बैल जात नाही. शेळीचं सांगता येत नाही, शेळी कुठूनही जाते. दोन बेचक्यांच्या मधली वाट बांधावरून धरली, खाचरातून नाही. बेचक्याचं चित्र या अंकात द्यायचं होतं पण काढताना स्टेन्सिल फाटली. ज्यांना बघायचं आहे त्यांनी त्या पाड्यावर जाऊन बघावं.

बांधावरच्या वाटेची भीती घालणाऱ्यांसाठी दोन शब्द. शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते, महसुली कायद्याचं कलम १४३, आणि ते तहसीलदार ठरवतो. म्हणजे बांधावरून वाट असणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. आपण स्वतः पायवाट ठेवली, ती कुठून कुठं, कुणासाठी, हे पाड्याच्या बैठकीत लिहून ठेवलं, तर कुणाला जीप घालायला तोंड राहणार नाही. पाड्याने तसं लिहून ठेवलं आहे. वहीत त्या आजीचाही अंगठा आहे.

एक गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही आणि ती आम्ही लपवणार नाही. घरधन्याचा थोरला भाऊ वारला, त्याची बायको त्याच पाड्यावर वेगळी राहते. १९६८ च्या आधी जमीन दोघा भावांची होती. वई घालताना तिच्या वाट्याचं काय हे कुणी विचारलं नाही. तिने दोन दिवस काम केलं आणि तिसऱ्या दिवशी आली नाही. फेरफारात तिचं नाव लागलं पाहिजे हे आम्ही बोललो आहोत. 'बघू' असं उत्तर मिळालं आहे. शेठ जेव्हा 'बघू' म्हणायचा तेव्हा त्याचा अर्थ काय व्हायचा ते आपल्याला माहीत आहे. पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घेणार आहोत.

भात कापून झाल्यावर वईचं काय, हेही ठरायचं आहे. पूर्वी पीक निघालं की सगळ्यांची गुरं सगळ्यांच्या शेतात फिरत. आता बारा महिने वई राहिली तर ज्यांना जमीन नाही त्यांच्या गाईनं जायचं कुठं? घरधनी म्हणतो, ओली वई उठेपर्यंत तीन वर्षं राखू द्या, नंतर कवाडाचे बांबू माघात काढून ठेवीन. काहींना ते पटलं, काहींना नाही. आम्हाला स्वतःला पटलं आहे, कारण कोवळा शेर तुडवला गेला तर सगळी मेहनत पाण्यात. पण ज्याची गाय उपाशी आहे त्याला हे सांगायला आम्ही जाऊ तेव्हा काय ऐकायला मिळेल तेही माहीत आहे.

शेठच्या गुरांचं मात्र ठरलं आहे. ती परत येणार. वई घातली तरी एखाद्या रात्री ती मोडून येणार, मोडलेली जागा कोयत्याने कापलेली आहे की शिंगाने मोडली आहे ते सकाळी नीट बघून ठेवा. गुरांना मारायचं नाही. कुऱ्हाड, कोयती काही उगारायचं नाही, त्याची तर ते वाटच बघत आहेत. १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा आहे. इंग्रजाने तो काही आपल्यासाठी केला नव्हता, पण आता आपल्या कामाला येतो. आपल्या पिकात शिरून नुकसान करणारं गुरू शेतकऱ्याला पकडता येतं आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं लागतं. जो आडवा येईल, गुरं हिसकावून नेईल, त्याच्यावर केस होते. नेताना चार माणसं बरोबर असू द्या, कोंडवाड्याची पावती घ्या, त्यावर गुरांची संख्या आणि रंग लिहून घ्या. नुकसानीचा पंचनामा तलाठ्याकडे मागा. तो आला नाही तर अर्ज देऊन पोच घ्या.

आणि गुराखी पोराला हात लावायचा नाही. तो आपल्याच शेजारच्या पाड्याचा आहे, बारा-तेरा वर्षांचा. त्याच्या बापाने शेठकडून लग्नाला पैसे घेतले होते, ते पोर फेडतंय. त्या सकाळी आंब्याखाली बसून तो आपल्याकडे बघत होता, पळाला नाही. त्याला बोलवून पेज दिली तेव्हा म्हणाला, शेठनं सांगितलं इथंच सोड. त्याच्या बापाला भेटायला आम्ही गेलो होतो, अजून एकदा जावं लागेल.

जंगल प्लॉटवाल्या भावांचा एक प्रश्न वारंवार येतो, म्हणून थोडक्यात. तुमच्या प्लॉटची वई ही वेगळी गोष्ट आहे. १९८६ साली ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा तिथं लागत होता. जुनी वई, जुना बांध, जुन्या दंडाच्या पावत्या, हे सगळं पुराव्यात धरा. जुनी वई मोडून नवी घालू नका. शेराचा खोडवा मांडीएवढा जाड झाला असेल तर तो किती पावसाळ्यांचा आहे हे कुणीही सांगू शकतं, असा साक्षीदार तोडू नका.

मृगाला आता तीन आठवडे राहिले. त्या शेताची ओहोळाकडची बाजू अजून उघडी आहे, साधारण तीनशे फूट. येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी तिकडं जायचं आहे. कोयता, पहार आणि ज्यांच्याकडे असेल त्यांनी शेराच्या व पांगाऱ्याच्या फांद्या आणाव्यात. सुंभ कमी पडतो आहे, घरी वळलेला असेल तर तो आणावा. भाकर आपापली. मोठा मुलगा येणार आहे असं त्याच्या बापाने कळवलं आहे.